प्रारंभी कृती होती : जर्मन अभिजात साहित्य आणि मूकपट

गटेच्या ‘फाउस्ट’च्या पहिल्या भागात एक शांत प्रसंग आहे. ईस्टरच्या दिवशी गावाबाहेर फिरून आलेला थकलेला विद्वान आपल्या अभ्यासिकेत परततो, दिवा लावतो, नवा करार उघडतो आणि योहानाच्या शुभवर्तमानातील पहिले वाक्य आपल्या जर्मन भाषेत आणायला बसतो. ‘प्रारंभी शब्द होता’ एवढे लिहून तो अडतो, कारण शब्दाला इतके मोठे स्थान देणे त्याच्या मनाला पटत नाही. मग तो शब्दाच्या जागी ‘अर्थ’ लिहून पाहतो, नंतर ‘शक्ती’ लिहून पाहतो, आणि अखेर त्याला वाट सापडते तेव्हा लिहितो : ‘प्रारंभी कृती होती’.

जर्मन अभिजात साहित्यावर बेतलेले मूकपट मी गेली काही वर्षे मूळ संहिता शेजारी ठेवून पाहत आले आहे, आणि प्रत्येक वेळी मला हा प्रसंग आठवतो. १९१० आणि १९२० च्या दशकांत बर्लिन आणि म्युनिकमधील पटकथाकार नेमके हेच करत होते. शब्द खोडायचा, त्याखालचा अर्थ शोधायचा, तोही पुरत नाही म्हणून त्यामागची शक्ती शोधायची आणि शेवटी अशा कृतीपाशी यायचे की जी कॅमेऱ्याला दिसेल. फाउस्टला मात्र एकच शब्द बदलायचा होता, आणि या लोकांपुढे ‘फाउस्ट’चेच दोन्ही भाग मिळून १२,१११ ओळी होत्या. या मूकपटांकडे पाहताना माझे मत हळूहळू असे बनले आहे की काही साहित्यकृतींत शब्दाखाली कृती दडलेली असते आणि काहींत बोलणे हीच कृती असते. पहिल्या प्रकारच्या साहित्यकृती मूकपटात कधी कधी मूळाहून तेजस्वी होतात, आणि दुसऱ्या प्रकारच्या साहित्यकृतींचा गाभा मात्र उत्तम दिग्दर्शक आणि उत्तम नट मिळूनही पडद्यावर येत नाही. अडचण अशी की एकाच नाटकात या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी असतात, आणि कोणती कुठे संपते ते आधी कुणालाच ठाऊक नसते.

जर्मन चित्रपटसृष्टी साहित्याकडे वळली ती प्रतिष्ठेसाठी, हे मान्य करायला हवे. त्या काळचे शिक्षक, धर्मोपदेशक आणि सुशिक्षित मध्यमवर्ग सिनेमाकडे संशयाने पाहत होते, आणि जत्रेतल्या तंबूतून आलेल्या या करमणुकीला संस्कृतीच्या पंक्तीत बसवायचे तर साहित्यिकांची नावे हवी होती. १९१३ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी पाउल लिंडाउच्या नाटकावरून ‘डेअर आंडेरे’ निघाला आणि त्यासाठी आल्बर्ट बासरमानसारखा रंगभूमीवरचा थोर नट प्रथमच कॅमेऱ्यासमोर आला. आदल्याच वर्षी नोबेल पारितोषिक मिळालेल्या गेरहार्ट हाउप्टमानच्या ‘अटलांटिस’ या कादंबरीवर डेन्मार्कच्या नॉर्डिस्क कंपनीने मूकपट काढला. तोही १९१३ चाच, आणि हान्स हाइन्झ एवर्सने लिहिलेला ‘डेअर श्टुडेंट फॉन प्राग’ही त्याच वर्षीचा.

या शेवटच्या मूकपटापाशी क्षणभर थांबले पाहिजे. तो कोणत्याही एका पुस्तकाचे रूपांतर नाही. फाउस्टचा सैतानाशी झालेला करार, शामिसोच्या ‘पीटर श्लेमील’मधला सावली विकणारा माणूस आणि ई. टी. ए. हॉफमानच्या कथेतले हरवलेले प्रतिबिंब यांचे धागे त्यात एकत्र आले आहेत. शामिसोच्या कथेत करड्या कोटातला माणूस गुडघ्यांवर बसून गवतावर पडलेली सावली अलगद सोडवतो, तिची गुंडाळी करतो आणि ती घडी घालून खिशात ठेवतो. वाचताना हे अगदी सहज घडते, कारण भाषेला सावली उचलायला काहीच कष्ट पडत नाहीत. कॅमेऱ्याला ते सहज जमणारे नव्हते, म्हणून एवर्सने सावली सोडून हॉफमानचे प्रतिबिंब घेतले, आणि छायाचित्रकार गिडो झेबरने एकाच फिल्मपट्टीवर दोनदा चित्रण करून नट पाउल वेगेनरला आरशातून बाहेर येणाऱ्या त्याच्याच प्रतिमेसमोर उभे केले. जर्मन स्वच्छंदतावादी कथा मूकपटाला का मानवल्या, याचे उत्तर या एका युक्तीत आहे. त्या कथांतले मनोव्यापार मुळातच दिसणाऱ्या वस्तूंच्या रूपात आलेले आहेत.

नाटकांचे तसे नव्हते. लेसिंग, गटे, शिलर यांची नाटके म्हणजे प्रामुख्याने बोलणारी माणसे, आणि तीही छंदात बोलणारी. मूकपटाजवळ शब्दांसाठी एकच जागा होती, ती म्हणजे दृश्यांच्या मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या. पाटी आली की चित्र थांबते, नटाचा चेहरा नाहीसा होतो आणि प्रेक्षक वाचक बनतो. त्यातही चित्रपटगृहातल्या सर्वांत सावकाश वाचणाऱ्याला पुरेल इतका वेळ ती पाटी ठेवावी लागते. शिलरच्या नायकाची बारा ओळींची लयबद्ध उसळी तीन पाट्यांत तोडली तर तिची उसळीच राहत नाही, आणि एका पाटीत सारांश दिला तर शिलर राहत नाही. शिवाय पाट्या बदलता येत. परदेशी पाठवायच्या प्रतीत जर्मन पाटी काढून तिथे इंग्रजी किंवा फ्रेंच पाटी घालत, म्हणजे कवीची मूळ भाषा हा मूकपटाचा सहज सुटा होणारा भाग होता. ज्या निर्मितीचा खर्च परदेशातल्या विक्रीवाचून निघत नाही तिने छंदोबद्ध ओळींवर विसंबून कसे चालेल, हा व्यवहाराचा प्रश्न कलेच्या प्रश्नाइतकाच खरा होता.

या पाट्यांच्या बाबतीत एक गोष्ट मला नेहमी हेलावून टाकते. १९२० च्या चित्रपट कायद्यानंतर जर्मनीत प्रत्येक मूकपट परीक्षण मंडळापुढे जाई आणि मंजुरीच्या कागदावर त्यातल्या पाट्यांचा मजकूर नोंदला जाई. त्या काळातले असंख्य मूकपट आज नष्ट झाले आहेत, पण त्यांच्या पाट्यांच्या नोंदी कित्येक ठिकाणी टिकून आहेत. ज्या शब्दांना मूकपटातला परका, चित्राच्या वाटेत येणारा भाग मानले गेले, तेवढेच काही वेळा शिल्लक राहिले आणि चित्र गेले.

दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊच्या ‘फाउस्ट’ची पाट्यांची कहाणी तर प्रसिद्ध आहे. उफा कंपनीने हा प्रचंड मूकपट राष्ट्रीय महत्त्वाचे कार्य म्हणून हाती घेतला आणि त्याच्या पाट्या लिहिण्याचे काम खुद्द हाउप्टमानला दिले. गटेच्या जागी लिहायचे तर आजचा सर्वांत मोठा जर्मन लेखक हवा, असा तो विचार असावा. हाउप्टमानने यमकबद्ध पद्ये लिहिली, पण १९२६ च्या ऑक्टोबरमध्ये बर्लिनला मूकपट प्रदर्शित झाला तो पटकथाकार हान्स कीझरने लिहिलेल्या साध्या पाट्यांसह. हाउप्टमानचा हा अपमान होता असे मला वाटत नाही. पद्य वाचणारा डोळा आपली लय मागतो आणि मुर्नाऊचे चित्र आपली लय मागते, तेव्हा या दोन्ही लयी एका फिल्मपट्टीवर नांदणे कठीणच होते. गटेच्या ओळीही याच कारणाने तिथे मावल्या नसत्या.

मुर्नाऊ आणि कीझर यांनी आपल्या मूकपटाला ‘एक जर्मन लोककथा’ असे उपशीर्षक दिले आणि गटेबरोबरच इंग्रज नाटककार मार्लोचे नाटक आणि जुन्या लोककथा यांच्याकडूनही मोकळेपणाने घेतले. फाउस्टची मूळ गोष्ट १५८७ मध्ये फ्रांकफुर्टला छापली गेली होती, गटेच्या कितीतरी आधी. तरीही प्रेक्षक गटे मनात ठेवूनच आत येणार हे उघड होते, म्हणून हा मूकपट गटेपासून कुठे दूर जातो ते पाहण्यासारखे आहे. गटेच्या नाटकात फाउस्ट आणि मेफिस्टो हा सैतान यांची पैज एका वाक्यावर लागते. ‘थांब, तू किती सुंदर आहेस’ असे मी एखाद्या क्षणाला म्हणालो तर मी हरलो, असे फाउस्ट म्हणतो. म्हणजे पैजेची अट हा एक उच्चारच आहे. माणूस कधी काय बोलेल यावर त्याचा आत्मा टांगलेला आहे, आणि ही कल्पना शब्दांच्या कलेतच जन्मू शकते. मूकपटात फाउस्ट हे वाक्य म्हणाला की नाही हे पाटीवाचून कळणारच नाही, आणि पाटीवर आत्मा टांगता येत नाही. कीझरने इथे वाळूचे घड्याळ आणले. फाउस्ट प्रथम फक्त एका दिवसापुरता करार करतो आणि वाळू पडत राहते. पार्माच्या डचेसच्या मिठीत तो असताना मेफिस्टो येऊन सांगतो की वाळू संपली, आणि त्या अर्धवट क्षणाच्या ओढीने फाउस्ट स्वतःला कायमचे विकून टाकतो. ‘थांब’ हा शब्द कुठेही न येता क्षण थांबावा ही ओढ आणि तो थांबत नाही हे सत्य, दोन्ही त्या पडणाऱ्या वाळूत आले आहेत. याला मी अस्सल रूपांतर म्हणते.

महामारीचेही तसेच. नाटकात ईस्टरच्या फिरण्यात गावकरी फाउस्टला मान देतात, कारण साथीच्या दिवसांत त्याने आणि त्याच्या वडिलांनी लोकांना औषध दिले होते. नंतर तो आपल्या शिष्यापाशी कबूल करतो की ते औषधच जहाल होते आणि आपल्या हातून माणसे मेली. गटेपाशी हे काही ओळींचे संभाषण आहे. मूकपटात तेच सगळ्या कथेचे मूळ बनते. एमिल यानिंग्सचा मेफिस्टो डोंगराएवढा होऊन गावावर उभा राहतो, त्याचे काळे पंख घरांच्या छपरांवर पसरतात आणि त्यांच्या आडून रोगाचा काळोख गल्ल्यांत उतरतो. नेपथ्यकार हेर्ल्ट आणि रोरिग यांनी उभारलेले ते छोटे गाव आणि कार्ल हॉफमानचा प्रकाश यांच्या जोरावर मुर्नाऊने एका जुन्या पश्चात्तापाचे आकाश केले. फाउस्ट करार करतो तो ज्ञानाच्या तहानेने नव्हे, तर मरणाऱ्यांना वाचवता येत नाही म्हणून. इथे तोटा झाला आहे हेही मोकळेपणाने सांगितले पाहिजे. तत्त्वज्ञान, कायदा, वैद्यक आणि धर्मशास्त्र शिकूनही आपण होतो तेवढेच अडाणी राहिलो, असे म्हणणारा गटेचा फाउस्ट ज्या अस्वस्थतेतून बोलतो ती अस्वस्थता मूकपटात राहिलेली नाही. योस्टा एकमनचा वृद्ध फाउस्ट दुःखी आहे, दयाळू आहे, पण विचाराने पोळलेला नाही. ग्रंथ जाळताना तो दिसतो. त्या ग्रंथांत त्याने काय शोधले होते, हे मात्र आपल्याला दिसत नाही.

गटेला या तोट्याची आणि या लाभाचीही कल्पना होती, असे मला कधी कधी वाटते. ‘फाउस्ट’च्या आरंभी रंगभूमीवरचा एक पूर्वरंग आहे, ज्यात नाटक मंडळीचा चालक, कवी आणि विदूषक वाद घालतात. ‘शाकुंतल’मधल्या सूत्रधाराच्या प्रस्तावनेवरून त्याला हे सुचले असे अभ्यासक मानतात. त्यात चालक कवीला बजावतो की लोक येतात ते पाहायला, तेव्हा आज पडद्यांची आणि यंत्रांची काटकसर करू नकोस, सूर्य, चंद्र, तारे, आग, पाणी, सगळे वापर. कवी आपल्या एकांताची बाजू मांडतो. गटेने या वादाचा निकाल दिला नाही, दोघांना शेजारी उभे केले आणि नाटक सुरू केले. शतकानंतर उफाच्या स्टुडिओत त्या चालकाला हवी होती ती सगळी यंत्रे मिळाली.

आता लेसिंगकडे वळते, कारण ‘नाथान डेअर वायझे’ हे मला या सगळ्या विषयातले सर्वांत अवघड प्रकरण वाटते. हे नाटक जन्मले तेच मुळी एका बंद केलेल्या वादातून. १७७८ मध्ये ब्राउनश्वाइगच्या ड्यूकने लेसिंगला धर्मविषयक लेखन परीक्षणावाचून छापण्यास बंदी केली, तेव्हा त्याने ठरवले की आपल्या जुन्या व्यासपीठावरून, म्हणजे रंगभूमीवरून, निदान बोलू देतात का ते पाहावे. १७७९ मध्ये नाटक प्रसिद्ध झाले. त्याच्या मध्यावर, तिसऱ्या अंकात, जेरुसलेमचा सुलतान सलादीन नाथान या ज्यू व्यापाऱ्याला विचारतो की तीन धर्मांपैकी खरा धर्म कोणता, आणि नाथान त्याला तीन अंगठ्यांची कथा सांगतो. घरातली एक अंगठी, ती घालणाऱ्याला देवाला आणि माणसांना प्रिय करणारी, पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून सर्वांत लाडक्या मुलाकडे येते. एका बापाला तिघेही मुलगे सारखेच प्रिय असतात, म्हणून तो हुबेहूब दोन अंगठ्या करवून घेतो, आणि तो गेल्यावर तिघे न्यायाधीशापुढे भांडत येतात. न्यायाधीश म्हणतो की अंगठीची कसोटी अंगठीत नाही, प्रत्येकाने आपली अंगठी खरी मानून तिच्या सामर्थ्याला शोभेल असे जगावे, आणि हजारो वर्षांनी माझ्याहून शहाणा कुणीतरी या आसनावर बसून निकाल देईल.

मांफ्रेड नोआने १९२२ मध्ये म्युनिकला हा मूकपट केला, पटकथा त्याच हान्स कीझरची, आणि नाथानच्या भूमिकेत वेर्नर क्राउस. लढाया, शहरावर चालून येणारे सैन्य, पळणारे लोक हे सगळे त्यात आहे आणि ते भव्य आहे. पण अंगठ्यांच्या कथेपुढे मूकपट थबकतो. बाप, तीन मुलगे, सोनार, अंगठ्या हे सगळे दाखवता येते. न्यायाधीशाचा निकाल मात्र दाखवता येत नाही, कारण तो एक युक्तिवाद आहे आणि त्याचे सौंदर्य पायरीपायरीने वळत जाण्यात आहे. शिवाय नाटकात ही कथा एकटी उभी नसते. ती सांगताना नाथान सुलतानाचा चेहरा वाचत असतो, सापळ्यातून सुटत असतो आणि त्याच वेळी मनापासून बोलतही असतो. एका वाक्याची ही तिहेरी जाणीव स्वरात असते. ती पाटीवर कशी उतरणार?

जिथे हा मूकपट मला जिंकतो ती जागा वेगळी आहे. नाटकाच्या चौथ्या अंकात नाथान एका मठवासी साधूला सांगतो की गाथ इथे ख्रिस्ती लोकांनी ज्यूंची कत्तल केली तेव्हा आपली बायको आणि सात मुलगे भावाच्या घरात जळून गेले. तीन दिवस आणि तीन रात्री आपण राखेत देवापुढे पडून होतो, रडलो, देवाशी भांडलो, जगाला शाप दिले. मग हळूहळू विवेक परतला, आणि त्याच वेळी घोड्यावरून आलेल्या याच साधूने एक ख्रिस्ती तान्ही मुलगी आणून आपल्या हाती दिली. नाटकात हे सर्व स्मरण म्हणून येते, अंगठ्यांची कथा होऊन गेल्यावर, आणि म्हणून वाचक त्या कथेकडे पुन्हा वळून पाहतो. नोआ आणि कीझर यांनी हे दुःख आधी, घडत असताना दाखवले. क्राउसचा चेहरा त्या राखेपाशी पाहिला की पुढे तो सुलतानापुढे जे बोलतो त्याचे वजन प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. लेसिंगची उलगडण्याची पद्धत मोडली, पण त्या माणसाचा संयम कशातून आला ते एका नजरेत कळले. अशा ठिकाणी मी मूळ संहितेची बाजू घेऊन तक्रार करू शकत नाही. म्युनिकमध्ये बनलेल्या या मूकपटाला त्याच शहरात उजव्या गटांच्या विरोधामुळे पडदा मिळणे मुश्कील झाले. पुढे तो हरवलाच, आणि १९९६ मध्ये त्याची एक प्रत मॉस्कोच्या संग्रहात सापडली. ज्या क्राउसने नाथानला ती शांत प्रतिष्ठा दिली, त्यानेच १९४० मध्ये ‘युड झ्युस’ या द्वेषपटात ज्यूंची विकृत रूपे साकारली. चेहऱ्यावर एवढा विश्वास टाकणाऱ्या कलेबद्दल लिहिताना ही गोष्ट टाळून पुढे जाणे मला प्रामाणिक वाटत नाही.

‘नीबेलुंगेनलीड’ या सुमारे १२०० च्या महाकाव्याचे प्रश्न निराळे होते. ३९ प्रकरणांचे हे काव्य मुळात म्हणून दाखवण्यासाठी होते, आणि त्यातले निवेदन मोठे विलक्षण आहे. नायक झीगफ्रीडने ड्रॅगन मारला आणि त्याच्या रक्तात न्हाऊन तो अभेद्य झाला, ही आज सगळ्यांना माहीत असलेली घटना त्या काव्यात प्रत्यक्ष घडतच नाही. झीगफ्रीड वर्म्सच्या राजदरबारी येतो तेव्हा तिथला सरदार हागेन खिडकीतून त्याच्याकडे पाहत ती मोजक्या ओळींत सांगतो. पाठीवर लिंडनचे पान पडल्याने एक जागा कोरडी राहिली, हे तर कितीतरी नंतर त्याची बायको क्रीमहिल्ड हागेनपाशी बोलून जाते आणि त्या बोलण्यानेच नवऱ्याचा घात होतो. १९२४ मध्ये दिग्दर्शक फ्रिट्झ लांग आणि पटकथाकार टेआ फॉन हार्बू यांनी दोन भागांचा मूकपट केला तेव्हा ऐकीव गोष्टीला देह देणे भाग होते. म्हणून जंगल आले, आत माणसे बसून चालवलेला प्रचंड ड्रॅगन आला, पान हळूच खांद्यावर उतरताना दिसले. ड्रॅगन आज पाहताना मला झीगफ्रीडपेक्षा त्या प्राण्याची जास्त दया येते, आणि हागेनच्या तोंडून ऐकताना जो दरारा वाटतो तो इथे नाहीसा झाला आहे.

पण लांगने काव्याची एक अवघड गोष्ट फार सुंदर सोडवली. ‘नीबेलुंगेनलीड’चा कवी पुढचा अनर्थ सतत आधीच सांगत असतो, यातून पुढे अनेकांचा नाश झाला असे मध्येच म्हणतो, आणि त्यामुळे प्रत्येक उत्सवावर सावली पडते. मूकपटात निवेदक नाही. लांगने ती सावली इमारतींत आणि माणसांच्या मांडणीत घातली. ओटो हुंटेच्या नेपथ्यातल्या त्या उंच भिंती आणि काटेकोर समतोलात उभे केलेले सैनिक पाहिले की या लोकांना हलायला जागाच नाही, त्यांचे आयुष्य आधीच आखले गेले आहे, हे कुणी न सांगता कळते. ज्या फुललेल्या झाडापाशी झीगफ्रीडचा निरोप घेतला त्याच्या जागी क्रीमहिल्डला कवटी दिसते, तेव्हा कवीचे ते ‘पुढे अनर्थ झाला’ हे वाक्यच डोळ्यांपुढे येते. तिच्या बहिरी ससाण्याच्या स्वप्नासाठी लांगने वाल्टर रुटमानकडून आकृत्यांचे हलते चित्र करवून घेतले, कारण स्वप्नाला त्या दगडी जगाचे नियम लागू नयेत. काव्यात हे स्वप्न अगदी थोडक्या ओळींत येते.

हाउप्टमानच्या ‘डी वेबर’ या नाटकाबद्दल थोडे लिहिते. १८४४ च्या सायलेशियातील विणकरांच्या उठावावरचे हे नाटक बोलीभाषेत जन्मले, आणि १९२७ च्या फ्रीडरिश झेल्निकच्या मूकपटात बोली उरली नाही. विणकरांची भूक त्यांच्या उच्चारांत होती, ती आता गालांच्या खळग्यांत आणि मागावरच्या बोटांत शोधावी लागते. मात्र नाटकाला नायक नाही, जमाव हाच नायक आहे, आणि जमाव ही गोष्ट कॅमेऱ्याला रंगमंचापेक्षा कितीतरी चांगली दाखवता येते. पाट्यांची अक्षरे चित्रकार गेओर्ग ग्रोसने काढली. संताप चढतो तशी ती थरथरतात आणि मोठी होत जातात. शब्दाला टाळता येत नसेल तर त्यालाच चित्र करावे, हा मार्ग आणखी किती ठिकाणी उपयोगी पडला असता असे मनात येते.

कादंबऱ्यांची अवस्था त्या मानाने दीन आहे. टॉमस मानच्या ‘बुडेनब्रोक्स’वर १९२३ मध्ये गेरहार्ड लांप्रेश्टने काढलेल्या मूकपटात चार पिढ्यांचा ऱ्हास एका पिढीच्या व्यापारी संकटापुरता आला आणि कथा समकालात आणली गेली. मान त्यावर नाराज होता. त्या कादंबरीत घटनांपेक्षा निवेदकाचा सूर मोठा आहे, माणसांवर प्रेम करत त्यांच्याकडे किंचित दुरून पाहणारा, आणि तो सूर काढल्यावर उरते ती कुठल्याही कुटुंबाची गोष्ट.

आर्थर श्निट्झलरची ‘फ्रॉयलाइन एल्झे’ ही १९२४ ची दीर्घकथा तर सबंध मनातल्या बोलण्यातच घडते. व्हिएन्नातल्या वकिलाची ही मुलगी सुटीवर हॉटेलात असताना आईचे पत्र येते की वडिलांना वाचवायचे तर डोर्सडाय या गृहस्थाकडे पैसे माग, आणि तो त्याच्या बदल्यात तिला विवस्त्र पाहण्याची मागणी करतो. इतर लोक बोलतात ते वेगळ्या वळणाच्या अक्षरांत छापले आहे, बाकी सगळे एल्झेच्या डोक्यात चालते, आणि शेवटाकडे शूमानच्या ‘कार्नावाल’चे स्वर थेट स्वरलिपीतच पानावर येतात. १९२९ मध्ये पाउल त्सिनरने एलिझाबेथ बेर्गनरला घेऊन हा मूकपट केला, तेव्हा मनातले बोलणे पाट्यांवर आणण्याचा मोह त्याने आवरला आणि घटना सरळ क्रमाने मांडल्या. विचारांचा तो वेग, स्वतःशीच चाललेली ती थट्टा आणि भीती, हे सगळे गेले. पण बेर्गनर हॉटेलच्या दालनात त्या माणसाच्या मागे मागे जाते, थांबते, परत वळते, पुन्हा जाते, त्या चालीत पन्नास पानांचा संकोच आहे. मी तो भाग पाहून कथा पुन्हा वाचली तेव्हा एल्झेची वाक्येही मला त्याच थांबत्या पावलांनी चालणारी वाटली.

या सगळ्या मूकपटांत एक जागा माझ्या मनात सर्वांत खोल रुतून आहे, आणि ती पुन्हा ‘फाउस्ट’चीच आहे. गटेच्या पहिल्या भागाचा शेवट तुरुंगात होतो. मूल मारल्याच्या आरोपाखाली फाउस्टची प्रेयसी ग्रेटशेन मरणाची वाट पाहत आहे, आणि शेवटच्या ओळींत जवळजवळ काही दिसतच नाही, नुसते आवाज आहेत. मेफिस्टो म्हणतो, तिचा निवाडा झाला. वरून आवाज येतो, तिचा उद्धार झाला. फाउस्ट मेफिस्टोबरोबर निघून जातो आणि आतून, विरत जाणारा, तिचा आवाज त्याला नावाने हाक मारतो : हाइनरिश, हाइनरिश. तिथे पडदा पडतो. विरत जाणारी हाक मूकपटाने कशी दाखवायची? मुर्नाऊचा शेवट वेगळा आहे. त्याच्याकडे चिता आहे आणि देवदूताने उच्चारलेला ‘प्रेम’ हा एक शब्द आहे. पण ती हाक त्याने सोडली नाही, आधीच्या एका प्रसंगात आणली, असे मला वाटते. हिमवादळात ग्रेटशेनचे मूल थंडीने मरते, शिपाई तिला पकडतात, आणि कामिला हॉर्नचा किंचाळणारा चेहरा पडदाभर होऊन डोंगर, दऱ्या आणि जंगले ओलांडत धावत सुटतो, तो दूर कड्यावर बसलेल्या फाउस्टपर्यंत. गटेपाशी आवाज क्षीण होत जातो आणि ऐकणारा निघून गेलेला असतो. मुर्नाऊपाशी आवाजच नाही, म्हणून चेहरा मोठा होत जातो, आणि फाउस्ट मान वर करून ऐकतो.